मृगाआधी ओढ्याचा काठ वाचवायचाय, विशेष सभेत नेमकी काय मागणी करावी?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव तालुक्याचं, बालाघाटाच्या पायथ्याला. नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा कामावर व्हावी, माणसांवर नको. गावाच्या मधून ओढा वाहतो. एका अंगाला जुनी पेठ, दुसऱ्या अंगाला अलीकडं झालेलं प्लॉटिंग.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाभर जी अतिवृष्टी झाली, तिच्यात आमच्या वळणावरचा काठ ढासळायला लागला. पाऊस थांबला तरी ढासळणं थांबलं नाही. आता काठावरचा रस्ता निम्मा गेलाय, पाणीपुरवठ्याची मोठी पाईपलाईन उघडी पडलीय, विजेचा एक खांब ओढ्याकडं कललाय. खांबाच्या पलीकडं जिल्हा परिषदेची शाळा आहे, आणि जूनमध्ये ती भरणार.

नगरपरिषदेच्या परवाच्या सर्वसाधारण सभेत यावर भरपूर खडाजंगी झाली. एक गट म्हणतो, नगराध्यक्षांनी तातडीचा अधिकार वापरून सगळ्या लांबीला आरसीसी संरक्षक भिंत लगेच घ्यावी. दुसरा म्हणतो, सर्वेक्षण नाही, डिझाईन नाही, आधी पूर्ण आराखडा करा आणि शासनाकडं निधी मागा, पालिकेच्या तिजोरीतला एक रुपया घालू नका. सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात फक्त याच विषयावर विशेष सभा आहे आणि आम्ही काठावरचे रहिवासी निवेदन देणार आहोत.

मला स्वतःला भिंत हवी आहे. पण ती मृगाआधी उभी राहील का, ही धास्ती आहे. ज्यांनी असं काम केलंय, पाहिलंय किंवा भोगलंय, त्यांनी सांगावं.

मांजराथडी

सभा तहकूब करता येते, पाऊस नाही. काठाचं वर्णन टाका भाऊ, किती उंच, कसली माती? त्याशिवाय इथं सगळे अंदाजच बांधतील.

ओढ्याकाठचा

साधारण दोन पुरुष उंच. सुरीनं कापल्यासारखा उभा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि तळाशी पाण्यानं आत कोरून कपार केलीय. बाहेरच्या वळणालाच सगळा मार आहे. समोरच्या आतल्या वळणाला गाळाचं बेट तयार झालंय, त्यावर वेड्या बाभळी माजल्यात.

निवृत्त_उपअभियंता

कपार म्हणालात तिथंच दुखणं आहे. जरा सविस्तर लिहितो.

वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला असतो, आतल्या अंगाला वेग पडतो म्हणून तिथं गाळ बसतो. बाहेरचं पाणी काठाच्या पायाशी मुरूम उकरतं. पाया गेला की वरचा काळ्या मातीचा थर अधांतरी राहतो आणि ढपल्या-ढपल्यांनी खाली येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाय जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी शेतात पाहिल्यात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ आत उतरतं, माती फुगते, जड होते.

आणि काठ बहुतेक वेळा पूर चढताना पडत नाही, ओसरताना पडतो. पूर असताना ओढ्यातलं पाणी काठाला बाहेरून दाबून धरतं. ते झपकन उतरलं की मातीच्या पोटातलं पाणी आत अडकून राहतं आणि काठाला बाहेर ढकलतं. म्हणून पाऊस थांबल्यावर "आता धोका टळला" म्हणत लोक काठावर बघायला जातात तीच सगळ्यात वाईट वेळ.

वेगाचं गणित लक्षात ठेवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते जेवढ्या वजनाचा दगड हलवू शकतं ते वजन ६४ पट होतं. तेव्हा सप्टेंबरात जे झालं ते नेहमीच्या ओढ्याच्या दुप्पट-तिप्पट नव्हतं, वेगळ्याच जातीचं होतं.

आता भिंतीबद्दल. भिंतीला पाया लागतो, आणि तो पाणी जेवढं तळ उकरू शकेल त्याच्याही खाली न्यावा लागतो. म्हणजे काठाच्या पायाशीच लांबलचक चर खणायचा. मे महिन्याच्या शेवटी चर खणला, लोखंड बांधलं आणि मृग लागला तर? जो पाया आधीच कमजोर आहे तो तुम्ही स्वतः उघडा केलेला असेल. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. अर्धी भिंत ही काहीच नसण्यापेक्षा धोक्याची. माझं स्पष्ट मत, या पावसाळ्याआधी भिंतीला हात लावू नका.

गुत्तेदाराचा_पोरगा

साहेब बरोबर बोलूलालेत. आमच्या घरात दोन पिढ्या हेच काम हाय. पावसाच्या तोंडावर भिंतीचं काम कोन घेतंय बघा, ज्याला अर्धवट सोडून जादा दर लावून घ्यायचा हाय तोच घेतंय. "पुरानं वाहून गेलं" म्हनून लिहून देता येतंय ना. चांगला गुत्तेदार मे मधी पाया खनत नाय.

शिक्षिका_सेलू

"काहीच करू नका" असं ऐकू येतंय मला. शाळेचा वर्ग काठापासून वीस पावलांवर असेल तर बाईंनी मुलांना काय सांगायचं? डिझाईन पुढच्या वर्षी येईल म्हणून?

निवृत्त_उपअभियंता

ताई, काहीच करू नका असं मी म्हणालो नाही. भिंत नको, काम हवंच. तीन-चार आठवड्यांत होणारी आणि पुरात टिकणारी कामं आहेत.

पहिलं, पायाला मोठ्या डबराचा भराव, जागेवर न हलणारा दगड, कपारीत गच्च. दुसरं, उभा काठ वरून कापून त्याला उतार द्यायचा, एकास दीड तरी, म्हणजे एक फूट उंचीला दीड फूट आडवं. जागा जाते म्हणून लोक याला नाही म्हणतात, पण ती जागा तशीही ओढा घेणारच आहे. तिसरं, उतारावर जाळीबंद दगड, म्हणजे गॅबियन, आणि त्याच्या मागं गाळणीचं कापड. हे कापड नसलं तर दगड राहतो आणि मागची माती धुऊन जाते. गॅबियन थोडं खचलं तरी तुटत नाही, वाकून बसतं, आणि आतलं पाणी त्याच्यातून निघून जातं. आपल्या मातीला हेच मानवतं.

चौथं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. गल्लीतलं गटार आणि रस्त्याचं पाणी काठावरून कुठं सुटतं ते बघा. बहुतेक गावांत ते उघडंच काठावर सोडलेलं असतं. पाणी वरून पडून पडून घळ करतं. ते पाईपातून थेट तळापर्यंत न्या.

हिरवा_पळस

गॅबियनला माझा पाठिंबा, पण दगडावर थांबू नका. उतारावर वाळा लावा. मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात, माती धरून ठेवतात, आणि उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला तरी वाळा तग धरतो. वरच्या कडेला करंज, उंबर, निर्गुडी. बेटावरच्या वेड्या बाभळी काढा, पण काठावरचं जुनं झाड एकही तोडू देऊ नका. जेसीबी आली की आधी झाडच जातं.

आणि सगळ्या लांबीला काँक्रीट म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. मराठवाडा आहे हा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या ओढ्याचे काठ आणि तळ दोन्ही सिमेंटनं बंद केले तर शेजारच्या आडाला, बोअरला पाणी कुठून येणार?

काठावरची

पळस दादा, तुमचं म्हणणं खरं असेल. पण मी दुसऱ्या तालुक्यात अशाच काठावर राहते. त्या सप्टेंबरात रात्री आम्ही आईला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं. न्हाणीघर गेलं, मागची भिंत गेली. सकाळी लोक येऊन म्हणाले झाडं लावायला पाहिजे होती. वाळ्याची मुळं खोल जायला वर्षं लागतात. ज्याच्या घराखालची माती सरकतेय त्याला आज रात्रीचं सांगा.

हिरवा_पळस

ताई, तुमचं बरोबर आहे. दगड आधी, वाळा नंतर. क्रम चुकीचा वाटला असेल तर तो माझ्या लिहिण्यात आला, मनात तसं नव्हतं. आई आता कशा आहेत?

काठावरची

बऱ्या आहेत. बहिणीकडं ठेवलंय पावसाळाभर. त्यांना घर सोडवत नाही, रोज फोनवर तुळशीला पाणी घातलं का विचारतात.

कागदवाला_कारकून

मी एका नगरपरिषदेत नोकरीला होतो, आता निवृत्त. कायद्याचं थोडं सांगतो, कारण निवेदनात कलम असलं की उत्तर द्यावं लागतं.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याचं कलम ५८(२). लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखादं काम लगेच करणं गरजेचं असेल तर सभेची मंजुरी येण्याआधी नगराध्यक्ष ते करायला सांगू शकतात आणि खर्च पालिकेच्या निधीतून टाकू शकतात. पण दोन बंधनं आहेत. सभेनं एखादं काम करू नका असा ठराव केला असेल तर त्याच्या विरुद्ध जाता येत नाही. आणि काय केलं, का केलं, हे पुढच्या सभेपुढं ठेवावंच लागतं.

म्हणून विशेष सभेत दुसऱ्या गटानं "आराखडा होईपर्यंत कोणतंही काम करू नये" असा ठराव रेटून पास केला तर नगराध्यक्षांचे हात बांधले जातील. हा धोका ओळखा. तुमचे नगरसेवक कोणत्याही गटाचे असोत, त्यांना हे वाक्य ठरावात येऊ देऊ नका म्हणून सांगा.

महापालिका असती तर वेगळा कायदा, तिथं आयुक्तांना ६७(३)(क) खाली तातडीचे अधिकार आहेत. लोक दोन्हींत गल्लत करतात.

सर्वे_नंबर

ओढा कुणाचा आहे ते आधी ठरवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले, त्यांचं पात्र हे शासनाच्या मालकीचं. मग पालिका पैसे का घालेल? जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण विभागानं करावं.

कागदवाला_कारकून

मालकी शासनाची हे खरं, पण रस्ता पालिकेचा, पाईपलाईन पालिकेची, गटारं पालिकेची आणि जीव गावातल्या माणसांचे. या पत्रापत्रीत सहा महिने जातात, मी स्वतः अशी पत्रं टाईप केलीत. जलसंपदाकडून पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती हद्द, आणि तांत्रिक सल्ला मागा, जरूर. कामाचा हात मात्र पालिकेनंच घालावा.

आणखी एक दार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कलम ५० खाली बचाव आणि मदतीसाठी तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. पण ते बचाव व मदतीसाठीच आहे, पोती, दगड, पंप, लोकांना हलवणं. त्यात कायमची भिंत बसवायला कुणी निघालं तर लेखापरीक्षणात अडकेल. कायमच्या कामाला आपत्ती सौम्यीकरण निधीतून मागणी करता येते, पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीचा २० टक्के हिस्सा त्यासाठीच वेगळा काढायला लावला होता.

मांजराथडी

कारकूनकाका, एवढं सगळं एकाच टेबलावर समजावणारा माणूस आमच्या पालिकेत असता तर मी मालमत्ता कर एक एप्रिललाच भरला असता.

खामकाठ

छत्रपती संभाजीनगरचा आहे. खाम नदीचं काम जवळून पाहिलंय. लहानपणी पाणचक्कीजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचो. महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि नागरिक यांनी मिळून कचरा उपसला, काठ नीट केले, देशी झाडं लावली. पुढं हे काम जागतिक पातळीवरच्या डब्ल्यूआरआय रॉस पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचलं. सगळं साधलं असं म्हणणार नाही, सांडपाण्याचा प्रश्न मोठाच आहे. सांगायचं एवढंच की काम एका टप्प्यात झालं नाही, तुकड्या-तुकड्यानं झालं, आणि पहिला तुकडा डोळ्यांना दिसल्यावर लोक जोडले गेले. तुमच्याकडंही वळणाचा तुकडा आधी घ्या. सगळ्या लांबीची भिंत कशाला? ढासळतंय तिथंच तर ढासळतंय.

पुण्यात_राहणारा_परभणीकर

भिंतीवर फार विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, गाड्या वाहिल्या, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या. ओढा अरुंद झाला होता, वळवला होता, आणि त्याच्या पात्राला खेटून वस्ती होती. भिंत पाण्याला जागा देत नाही, जागा घेते. दोन्हीकडं भिंती बांधून ओढा आवळला की वेग वाढतो आणि मार खालच्या गल्लीला बसतो. तुमच्या गावात ओढ्याच्या खालच्या अंगाला कोण राहतं ते बघा, तेही तुमच्यासोबत निवेदनावर सही करतील का?

ओढ्याकाठचा

खालच्या अंगाला मोठी दलित वस्ती आहे आणि तिच्या पुढं स्मशानभूमी. त्यांच्याशी आज संध्याकाळीच बोलतो. हा मुद्दा आमच्या बैठकीत कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

त्याच्याही खाली एक नळकांडी पूल आहे. पावसात त्याचे पाईप कचऱ्यानं आणि जलपर्णीनं तुंबतात, पाणी मागं फुगतं.

निवृत्त_उपअभियंता

हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं! तुंबलेल्या पुलामागं पाणी फुगतं, मग पूल डावलून किंवा एकदम मोकळं होऊन ते झपकन उतरतं. वर लिहिलं तसं, झपकन उतरणं काठाला सगळ्यात घातक. पाईप मोकळे करणं हे काम तर ठरावाचीही वाट बघायला नको, नालेसफाईच्या खर्चात बसतं. पुढं तिथं पेटी पूल मागा, म्हणजे पाईपांऐवजी रुंद चौकोनी गाळ्यांचा.

बाभळगावकर_नाही

सगळ्यात मोठा विषय कुणीच काढला नाही. अतिक्रमण. ओढ्यात घरं बांधायची आणि मग पालिकेनं वाचवा म्हणायचं. आधी ती काढा.

काठावरची

आमचं घर आजोबांच्या वेळचं आहे, कर भरलेल्या पावत्या आहेत. ओढा आमच्याकडं आलाय, आम्ही ओढ्याकडं गेलो नाही.

सर्वे_नंबर

अतिक्रमण म्हटलं की बुलडोझर नेहमी झोपड्यांकडंच का वळतो? ओढा सगळ्यात जास्त कुणी आवळला ते नकाशा सांगतो. गाव नकाशा काढा, भूमी अभिलेख कार्यालयातून ओढ्याच्या हद्दीची मोजणी मागा. बऱ्याच गावांत दिसेल की प्लॉटिंगवाल्यांनी मुरूम टाकून ओढ्याचं पोट भरलं, रस्ता काढला, प्लॉट विकून मोकळे झाले. घेणाऱ्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं. आपल्याकडं निजामाच्या काळातले नकाशे असतील तर तेही बघा, जुनी हद्द त्यात रुंद दिसते.

बाभळगावकर_नाही

प्लॉटिंगवाल्यांबद्दल सहमत. मी गरिबांना काढा म्हणालो नव्हतो. पण मोजणी झाल्याशिवाय काम सुरू केलं तर अरुंद झालेला ओढाच कायमचा पक्का होईल, हे तरी मान्य करा.

सर्वे_नंबर

शंभर टक्के मान्य. म्हणूनच कायमच्या भिंतीआधी मोजणी आणि पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डबराच्या तात्पुरत्या भरावाला मात्र मोजणीची अट घालू नका.

ज्वारीचं_कणीस

माझं शेत गावाच्या वरच्या अंगाला आहे, अशाच एका ओढ्यावर. आमच्याकडं खोलीकरण-सरळीकरण झालं. पोकलेननं ओढा सरळ कापला, गाळ शेतात टाकला, पहिल्या वर्षी पाणी साठलं म्हणून आम्ही खूश होतो. तिसऱ्या वर्षापासून काठ पडायला लागले. वळणं होती तेव्हा पाणी अडखळत जायचं, आता सुसाट गावात शिरतं. त्या सप्टेंबरात माझी बांधाकडची माती खरडून गेली, खाली नुसता मुरूम. ते शेत परत काळं व्हायला माझा जन्म पुरणार नाही.

गावातल्या लोकांनी फक्त गावातला काठ बघू नये. वर नालाबांध, गॅबियन बंधारे, बांधबंदिस्ती झाली तर खाली येणारं पाणी दमानं येईल. आमच्यासारख्या शेतकऱ्यांना सभेला बोलवा. आम्ही हद्दीबाहेरचे म्हणून कुणी विचारत नाही.

निवृत्त_उपअभियंता

कणीसराव, तुमच्या म्हणण्याला आकडा जोडतो. महसूलच्या हिशेबात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. एवढा पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला की ते साडेसहा कोटी लिटर पाणी. जूनमध्ये भेगाळलेली जमीन त्यातलं बरंच पिऊन टाकते. सप्टेंबरात जमीन तुडुंब असते, तेव्हा बहुतेक सगळं ओढ्यात येतं. वर अडवलेला प्रत्येक थेंब खालच्या काठाचं ओझं कमी करतो.

गुत्तेदाराचा_पोरगा

गॅबियन ठरलंच तर लोकांनी उभं राहून हे बघा, नायतर कामाची माती होतीय.

जाळी जस्त चढवलेल्या तारेची पायजे, साधी तार चार पावसाळ्यात गंजतीय. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा पायजे आन हातानं रचलेला पायजे, टिप्परनं वतलेला नाय. मधी पोकळ ठिवून वरून चांगला दगड लावतेत, त्ये वरून कळत नाय, म्हनून भरताना फोटो काढा. पेटीला पेटी तारेनं बांधलीय का बघा. आन सगळ्यात खालची वळ तळाच्या खाली दाबलीय का, का नुसती वाळूवर ठिवलीय, हे पाणी यायच्या आधीच बघा. मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागा. माझे वडील म्हनतेत, लोकं बघायला उभी राहिली की काम आपोआप चांगलं होतंय, आन चांगल्या गुत्तेदाराला त्याचा राग येत नाय.

शिक्षिका_सेलू

भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. अशी माणसं बोलत नाहीत म्हणून बाकीच्यांचं फावतं.

बालाघाटी

थोडं विषयांतर. आमच्या गावात महादेवाच्या देवळाजवळ ओढ्याला जुना दगडी घाट आहे. तिथं काठाला काही झालं नाही, दोन्ही बाजूंचा नवा काठ मात्र गेला. बघितलं तर घाट पायऱ्या-पायऱ्यांनी मागं सरकत वर गेलाय, आणि तिथं ओढा मुद्दाम रुंद ठेवलाय. पोळ्याला बैल धुवायला तिथंच नेतात. धागाकर्त्यांनो, तुमच्याकडं असा घाट आहे का?

ओढ्याकाठचा

आहे! वळणाच्या थोडा वर. आणि तोही जसाच्या तसा आहे. उपअभियंता साहेबांचा उतार आणि तुमच्या घाटाच्या पायऱ्या एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं.

सगळ्यांचं वाचून निवेदन नव्यानं लिहायला घेतलंय. सगळ्या लांबीच्या भिंतीची मागणी काढून टाकली. ठराव दोन भागांत मागतोय. या पावसाळ्यासाठी वळणाच्या तुकड्याला डबर, उतार आणि गॅबियन, गटाराचं पाणी पाईपानं तळाशी, नळकांडी पुलाची सफाई, पाईपलाईन आणि खांब मागं घेणं, हे सगळं आत्ता, ५८(२) खाली. दुसऱ्या भागात मोजणी, पूररेषा, वरच्या शिवारातली कामं आणि कायमचं डिझाईन, ते शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेकडून तपासून घेऊन. काही राहिलं असेल तर सांगा.

शिक्षिका_सेलू

शाळा राहिली. काठाकडचे वर्ग पावसाळाभर बंद ठेवून मुलांना दुसऱ्या इमारतीत बसवायचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना आत्ताच द्या. जूनमध्ये दिलं तर ऑगस्टात उत्तर येतं.

कागदवाला_कारकून

दुसऱ्या भागाला तारखा घाला. "यथावकाश" हा शब्द मसुद्यात दिसला तर खोडायला लावा. आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या, सभेत बोललेलं आणि लिहिलेलं वेगळं निघतं. निधी नाही असं म्हणतील, तेव्हा अंदाजपत्रकातल्या इतर शीर्षांतून पुनर्विनियोजन, म्हणजे तिथला पैसा इकडं वळवणं, करता येतं का हे लेखापालांना सभेतच विचारायला सांगा.

खामकाठ

सभेच्या दिवशी लोकांना घेऊन जा. घोषणा नकोत, नुसतं जाऊन बसा.

ओढ्याकाठचा

आज विशेष सभा झाली. पेठेतले, प्लॉटिंगमधले आणि खालच्या वस्तीतले लोक एकत्र गेलो होतो, वरच्या शिवारातले चार शेतकरीही आले. पहिला भाग मंजूर झाला. पुलाची सफाई उद्यापासून. "आराखडा होईपर्यंत काम नको" हे वाक्य खरंच एका उपसूचनेत आलं होतं, कारकूनकाकांमुळं आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांनी ते पकडलं आणि मतदानात ती उपसूचना पडली.

खांब मागं घेण्याचा खर्च कुणी करायचा यावर अजून मिटलेलं नाही. दुसऱ्या भागातली मोजणी मंजूर झाली, पूररेषेचं पत्र जाईल म्हणाले, तारीख काही केल्या लिहून दिली नाही. वरच्या शिवारातल्या कामांचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. मी यावर गप्प बसणार नाही.

काठावरची

अभिनंदन दादा. तुमच्या ठरावाची प्रत मला पाठवाल का? आमच्या पालिकेत हीच मागणी घेऊन जायचंय, आमच्याकडं तर अजून सभाच लागली नाही.

निवृत्त_उपअभियंता

छान झालं. आता एक काम तुमच्या हातात आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. काठाच्या कडेपासून मागं ठराविक अंतरावर लोखंडी खुंट्या ठोका, त्यांच्यापासून कडेचं अंतर मोजून वहीत तारखेसह लिहा. कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याची खूण करा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर रुंदी मोजा. मोजायला कडेवर जाऊ नका, मागून टेप लावा. भेग रुंदावतेय असं दिसलं की त्या पट्ट्यातली माणसं त्याच दिवशी हलवा, ओढ्याला पाणी असो-नसो. आणि ती वही गॅबियनचं काम सुरू होण्याआधीपासून लिहायला घ्या, पुढच्या वर्षी डिझाईन करणाऱ्याला तीच लागेल.

हिरवा_पळस

वाळ्याचे ठोंब सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, नसतील तर मला निरोप करा, माझ्या बांधावर भरपूर आहेत. दगड बसल्यावर, दोन चांगले पाऊस झाले की लावायचे. काठावरच्या ताईंनाही देतो.

गुत्तेदाराचा_पोरगा

जाळी आली की तारेचा फोटो टाका इथं, गेज, म्हंजे तारेची जाडी, वडिलांना दाखवून सांगतो.